फळ्यावर एक रेघ कमी

आधी एक सांगा, त्यो टेप चालू हाय का बंद? चालू असंल तर चालू म्हणा, आपलं काय न्हाई, पन माणसानं समोरच्याला सांगून करावं. आन् माझं ऐकून तुमचा काय फायदा त्ये मला अजून कळलेलं न्हाई. पुस्तकात घालणार म्हणता, घाला, पन फुकटात कोन कुणाचं ऐकतंय आजच्या जमान्यात, राग मानू नका, माझा सोभावच हाय तसा. तर नाव हनीफ. ऱ्हायला आता दौंडला, पन गाव मांडवगण फराटा, तालुका शिरूर, भीमेच्या पल्याड. आमच्या किती पिढ्या तिथं गेल्या त्ये अब्बांनाबी सांगता येत नव्हतं, कुनी विचारलं तर म्हणायचे कबरस्तानात जाऊन मोजा.

अब्बा मापाडी व्हते. म्हंजी काय, खळ्यावर ज्वारीची रास पडली की शेतकऱ्याचा सांगावा यायचा, मापाड्याला बोलवा, मंग अब्बा जायचे, आधी मापानं मोजायचे, पुढं काटा आला तवा काट्यानं. एका अंगाला शेतकरी उभा, दुसऱ्या अंगाला व्यापारी, मधी आमचे अब्बा, आन् दोघंबी त्यांच्या हाताकडं बघत्यात, काय सांगू तुम्हाला, जल्मभर दोन माणसांच्या संशयात उभं ऱ्हायचं म्हंजी सोपं न्हाई. मला लहानपणापासनं सांगायचे, हनीफ, माणसाच्या तोंडाकडं बघू नको, काट्याकडं बघ, तोंड गोड असतंय, काटा गोड नसतोय. मीबी बघितलंय ना, पायाच्या अंगठ्यानं पोतं उचलून धरणारी माणसं, पोत्यात खडा टाकणारी, आन् वर चहा पाजणारी. तवापासनं कुनी चहा पाजला की मी खाली त्याच्या पायाकडं बघतो. तुमचा घेतला, पन बघितलं मी.

आन् मापायची एक रीत व्हती. पहिल्या मापाला एक म्हणायचं न्हाई, लाभ म्हणायचं. लाभ, मंग दोन, मंग तीन. आमच्यातलं कुनी कुनी बरकत म्हणतंय, पन गावात लाभ म्हणायची चाल, अब्बाबी लाभच म्हणायचे. एक म्हणलं की रास एकावरच थांबती म्हणं. खरं-खोटं देव जाणं, पन अब्बांच्या जिभेवर एक ह्यो आकडाच नव्हता. घरात भाकरी मोजल्या तरी लाभ, दोन, तीन. आम्हा पोरांना मोजलं तरी तसंच, थोरली बहीण शहनाज म्हंजी लाभ, मी तिच्या पाठचा, म्हंजी मी दोन.

कबड्डी मी कवा शिकलो त्ये आठवत न्हाई, नदीच्या वाळूत खेळायचो, वाळूत पडलं की लागत न्हाई. पन चढाईला मी चांगला निघालो, त्याचं कारन सांगतो, मी कुणाच्या तोंडाकडं बघायचो न्हाई. समोरचा डावीकडं तोंड करून उजवीकडून धरायला बघतोय, सगळी पोरं फसायची, मी फसत नव्हतो, माझी नजर त्याच्या पायावर. पाय खोटं बोलत न्हाईत. दम धरायचा, कबड्डी कबड्डी करत जायचं, पाय बघायचा, टिपायचा, आन् माघारी पाटीवर, म्हंजी मधल्या रेघंवर. सोळा-सतरा वर्षांचा झालो तवा गावाच्या टीममधी घेतला मला, पंचावन्न किलोच्या गटात.

तिथनंच खेळाचा इस्कोट झाला. टीम व्हती आप्पांची. आप्पा म्हंजी सोसायटीचे चेअरमन, शंभर एकराचे बागायतदार, पांढरी टोपी, बोलणं साखरंवानी. आप्पांनी एक दिवस बोलावलं आन् म्हणले, हनीफ, उद्यापासनं रोज सकाळी आपल्या गोठ्यावर यायचं, तांब्याभर दूध प्यायचं, दोन अंडी खायची. मी घरी यिऊन अब्बांना सांगितलं. माझ्या मनात आलं, दूध काय फुकट येत न्हाई. आन् तसंच झालं, पंधरा दिवसांनी आप्पा म्हणले, गावची स्पर्धा ठेवतोय, दौंडची टीम येणार हाय, फायनल मारली तर सोसायटीत शिपायाची जागा निघती, ती तुझी. न्हाई मारली तर? न्हाई मारली तर म्हणायचंच न्हाई, म्हणले.

आता बघा तुम्हीच. त्या दिवसापासनं मला दम धरता येईना. खेळायच्या आधी बाभळीमागं जाऊन दूध ओकून यायचो आन् तोंड धुवून मैदानात. रस्त्यानं जाताना लोक म्हणायचे, काय हनीफ, जिंकतोयस न्हवं? ह्यात विचारलेलं काय असतंय आन् बजावलेलं काय असतंय त्ये ऐकणाऱ्यालाच कळतंय. मला वाटायचं ह्या सगळ्यांचा काय ना काय डाव हाय. आपल्या टीममधल्या पोरांचाबी संशय, की ह्यालाबी तीच जागा पायजे असंल म्हणून मला नीट साथ देत न्हाई. वाळूतली मजा गेली ती गेलीच.

त्यात आनखी एक भानगड. शहनाज दिलेली दौंडला, दाजी सलीम रेल्वेत खलाशी, आन् दाजी खेळायचे दौंडच्या टीमकडून. घरात दुल्हेभाई म्हणायचं, पन गावात सगळे दाजीच म्हणायचे, म्हणून मीबी दाजी. म्हंजी फायनलला एकीकडं मी आन् एकीकडं दाजी. गावात लगेच कुजबुज, हनीफ दाजीला टिपंल का सोडंल?

स्पर्धेच्या दिवशी सकाळी वजनं व्हती. वजनाला कोन? अब्बा. त्यांच्या काट्यावर दोन्ही बाजूंचा इश्वास. दाजी काट्यावर बसले तर पावशेर जास्ती भरले. अब्बांनी सख्ख्या जावयाला सांगितलं, जा, पळून ये. शाळेला दहा फेऱ्या मारायला लावल्या, सगळं गाव हसतंय, दाजी घामानं निथळत्यात, मंग घेतलं. आन् माझी पाळी आली तवा अब्बांनी काट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आन् एवढंच म्हणले, बसतंय. किती त्ये मोठ्यानं सांगितलं न्हाई. माझ्या मनात तिथंच एक खडा पडला. दूध-अंडी खाऊन मी वाढलो तर नसंल? अब्बांनी आकडा का सांगितला न्हाई?

फायनल दुपारनंतर सुरू झाली, शाळेच्या मैदानावर. गुण मोजायची पद्धत अशी ठरली, की दोन्ही बाजूंचा एक एक माणूस आपापल्या टीमचे गुण मोठ्यानं पुकारणार, आन् फळ्यावर रेघा मारणार शाळेतले नवीन मास्तर, शहरातनं नुकतेच बदलून आलेले, म्हंजी कुनाच्याच बाजूचे न्हाईत. दौंडचा मोजणारा रेल्वेचा माणूस व्हता. आमच्याकडून आप्पांनी अब्बांना बसवलं, म्हणले मापाड्याच्या मोजण्याला कोन बोट लावणार. आन् मास्तर उभे फळ्याकडं तोंड करून, मैदानाकडं पाठ, कानावर रेघा मारत्यात, गर्दी बेंबीच्या देठापासनं वरडतीय. हे नीट ध्यानात ठेवा.

खेळ कसा झाला म्हणता? मला इचारू नका, मी खेळलो पन मी तिथं नव्हतो. एकदा दाजीला टिपला, एकदा दाजींनी मला असा आवळला की बरगडी कळली. शेवटची चढाई आली तवा दौंडचे अठरा आन् आमचे सतरा. मी गेलो, एका पोराच्या घोट्याला पाय लावला, पाटीवर पालथा पडलो. अब्बांचा आवाज आला, अठरा! बरोबरी. बरोबरी म्हंजी आनखी पाच-पाच चढाया मिळणार व्हत्या, मी हात वर केला, पोरांनी मला उचलला.

आन् मास्तर फळ्याकडनं वळून म्हणले, सतरा.

मोजून बघितलं, पाच-पाचच्या तीन जुड्या आन् वर दोन रेघा. दौंडच्या तीन जुड्या आन् तीन. अब्बा उठून फळ्यापाशी गेले, बोट लावून मोजलं आन् म्हणले, मी अठरा म्हणालो, अठराच हायेत. मास्तर म्हणले, मी तुम्ही म्हणाल तशी रेघ मारली. मास्तरांचा काय सोयरसंबंध न्हाई, अब्बांचा पोरगा खेळतोय, मंग लोकांनी कुणाचं मानावं? मागनं कुनीतरी म्हणलंच, मापाड्यानं पोरासाठी एक माप जास्ती घातलं. आन् आप्पा, ज्यांनी अब्बांना बसवलं व्हतं तेच आप्पा, टोपी सारखी करत म्हणले, जाऊ द्या, बापाचं काळीज असतंय. बघा की, सोडवल्यावानी केलं आन् गळ्यात अडकवून ठेवलं.

दौंडला ढाल गेली. शिपायाची जागा आप्पांच्या भाच्याला गेली, ती कुणाची व्हती त्ये आधीपासनं ठरलेलं असंल असा माझा अजूनबी संशय हाय. पन खरं वाईट पुढं झालं. त्या सुगीला अब्बांना खळ्यावर बोलावणारी माणसं निम्मी झाली. तोंडावर कुनी काय म्हणलं न्हाई, म्हणायचे औंदा व्यापारीच काटा घिऊन आला. अब्बा घरात बसायचे, काटा तेल लावून पुसायचे आन् परत टांगायचे.

आन् आता ज्ये सांगतो त्ये मी कुनालाच सांगितलेलं न्हाई, तुम्हाला का सांगतोय कळत न्हाई. गावाचं सोडा, मलाबी तसंच वाटलं. मला वाटलं अब्बांनी माझ्यासाठी एक वाढवला. सकाळी वजनाला बसतंय म्हणले तसंच अठराबी म्हणले. ज्यांनी मला काट्याकडं बघायला शिकवलं त्यांच्याच काट्याचा मला इश्वास राह्यला न्हाई. आन् राग असा, की मी एवढा नालायक का, की बापाला माझ्यासाठी खोटं मोजावं लागलं? कबड्डी सोडली. वाळूकडं फिरकलो न्हाई. दाजींनी दौंडला एका धान्याच्या आडतीत काम बघून दिलं तवा अब्बांना सलाम केला आन् निघालो, त्यांच्या तोंडाकडं न बघता.

दौंडला सात-आठ वर्षं गेली. लग्न झालं, पोरगी झाली. मी पोती मोजायचो, घरी जायचो. दाजी आन् त्यांच्या चाळीतली पाच-पंचवीस माणसं रोज संध्याकाळी रेल्वेच्या लायनीपलीकडं मोकळ्या जाग्यात कबड्डी खेळायची. पोटं सुटलेली, टकलं पडलेली. दाजी म्हणायचे ये की, मी म्हणायचो न्हाई. पन बघत उभा ऱ्हायचो, आन् मला काय कळंना. ढाल न्हाई, बक्षीस न्हाई, वजन न्हाई, गुणसुद्धा मोजत न्हाईत, सांजेची, मगरिबची अजान झाली की खेळ बंद. मंग खेळत्यात कशाला? मी पंधरा दिवस पाळत ठेवली, शपथ. म्हणलं पैज असंल, न्हाई. साहेबाला दाखवायचं असंल, साहेब कवा आला न्हाई. कुनी पडला की सगळे हसायचे, पडलेला सगळ्यात जास्ती हसायचा. मला तर जास्तीच संशय आला, म्हणलं एवढं हसायला काय मिळतंय ह्यांना?

मंग एकदा दुसऱ्या चाळीची माणसं खेळायला आली, पाव्हणे म्हणून तेवढ्यापुरते गुण मोजायचं ठरलं. दाजी म्हणले, हनीफ, तू मापाड्याचा पोरगा, तू पुकार. आन् बिहारकडला एक ट्रॅकमन व्हता, दुबेजी, त्याला काडी दिली मातीत रेघा मारायला. पहिल्या चढाईत आमचा एक गुण झाला, मी पुकारलं, लाभ! पुढं दोन म्हणलं, तीन म्हणलं. थोड्या येळानं बघतो तर दुबेजी तसाच काडी धरून बसलाय, म्हणतो, अरे भैया, एक कब बोलोगे? म्हणलं, म्हंजी? म्हणतो, तुमने तो पहले दुआ माँगी, फिर सीधा दो बोल दिया, एक आया ही नहीं.

मी तिथंच खाली बसलो. दाजी पळत आले, म्हणले काय झालं, चक्कर आली का? मी म्हणलं, दाजी, मास्तर शहरातले व्हते. दाजींना काय उमगंना. मी म्हणलं, अहो, अब्बा लाभ म्हणले तवा मास्तरांना वाटलं असंल म्हातारा देवाचं नाव घेतोय. त्यांनी रेघ मारलीच न्हाई. दोन म्हणले तवा पहिली रेघ पडली, तीनला दुसरी, पाठ फिरवून कानावरच मारत व्हते, अठराला सतरावी पडली. आमच्या गावातल्या माणसाला ह्ये कळायचं कारनच नव्हतं, आम्हाला लाभ म्हंजी एकच. आन् मास्तरांनाबी कळायचं कारन नव्हतं. कुनीच खोटं मोजलं नव्हतं.

दाजी म्हणले, म्हंजी आमची ढाल फुकटची. म्हणलं, राहू द्या, ढालीचं काय घिऊन बसलात.

दुसऱ्या दिवशी एस्टीनं मांडवगणला गेलो. अब्बा ओट्यावर बसले व्हते, थकले व्हते. मी सगळं सांगितलं, रेघा काढून दाखवल्या. अब्बांनी ऐकून घेतलं, मान हलवली, म्हणले, बरं झालं, मास्तरांचा दोष नव्हता म्हणायचा, मी उगाच त्या माणसाला इतकी वर्षं मनात धरलं. मी म्हणलं, अब्बा, माफ करा, मलाबी तुमचाच संशय आला व्हता. तर म्हणत्यात, ठाऊक हाय. गाव काय म्हणलं त्याचं मला तेवढं न्हाई वाटलं, पन तू त्या दिवसापासनं माझ्याकडं काट्याकडं बघत्यात तसं बघायला लागलास. मी त्यांचे पाय धरून रडलो, एवढा बाप्या माणूस.

मंग मी इचारलं, वजनाला आकडा का सांगितला न्हाई? तर हसले. म्हणले, तू आधीपेक्षा दोन किलो कमी भरलास रं. एवढं दूध पाजून पोरगं वाळलं हे गावात मोठ्यानं सांगितलं असतं तर तुझी आई रडली असती. भ्यायला व्हतास तू. मला तर तवाच म्हणायचं व्हतं, घरी चल, नको खेळू. मी काय गुण मोजायला बसलो नव्हतो, आप्पांनी बसवलं म्हणून बसलो, मला तुला खेळताना बघायचं व्हतं, वाळूत खेळायचास तसं. त्ये काय दिसलं न्हाई त्या दिवशी.

आप्पांकडंबी जाऊन आलो. चेअरमनकी गेलेली, तरी टोपी तशीच पांढरी. सगळं ऐकलं आन् म्हणले, झालं गेलं गंगेला मिळालं, आता त्याचं काय लोणचं घालायचं? चहा घे. मी त्यांच्या पायाकडं बघितलं आन् चहा न घेता उठलो. गावाला आता कोन सांगत बसणार, ज्यांनी कुजबुज केली त्यातली निम्मी गेली, उरलेल्यांना आठवतबी न्हाई. त्येवढं एक मनात ऱ्हायलं, पन ऱ्हाऊ दे.

दौंडला माघारी आलो आन् संध्याकाळी चप्पल काढून उतरलो. पहिल्या चढाईतच धरला मला, दम गेला, गुडघा सोलला. पन मी खेळत ऱ्हायलो. अब्बा पुढच्या उन्हाळ्यात शहनाजकडं महिनाभर राह्यला आले, रोज संध्याकाळी कडंला धोतराचा सोगा खाली घालून बसायचे, आन् मी पडलो की त्यांचा हसायचा आवाज यायचा, सगळ्यांच्यात वळखू यायचा. आता त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. अल्ला त्यांना जन्नतमधी जागा देवो.

मी सुधारलोय असं समजू नका. अजून कुनाचा इश्वास धरत न्हाई, बायको म्हणती तुम्ही जेवताना मीठसुद्धा संशयानं घेता. ह्यो टेपसुद्धा तुम्ही कुठं नेणार मला ठाऊक न्हाई. पन काल संध्याकाळी चढाईला गेलो, दाजींनी घोटा धरला, वर सात जण पडले, सगळ्यांच्या खाली मी, तोंडात माती, आन् मला हसू आवरंना. खाली पडल्या पडल्या मी इचार केला, हनीफ, ह्यात कुनाचा काय डाव हाय? कोन काय मागणार हाय? लई शोधलं. काय सापडलं न्हाई. तसाच हसत पडून ऱ्हायलो.

जावा आता, उजेड हाय तवर एस्टी गाठा, खुदा तुमच्या वाटंला कुनी वंगाळ माणूस न आणो.